थोड्या मोठ्या वयाचे वाटाडे : प्रस्तावना

केरवा धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर भोपाळचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ, म्हणजे ‘एनएलआययू’, आहे. १९९७ च्या कायद्याने ते स्थापन झाले. भोपाळच्याच एखाद्या वस्तीत राहून सरकारी शाळेत हिंदी माध्यमातून अकरावी करणाऱ्या मुलीला तिथे पोचायला रिक्षाने फार तर तासभर लागेल. पण आपल्यालाही तिथे शिकता येते, ही बातमी तिच्या घरी पोचवायला कुणीतरी जावे लागते. जाणारे हे कुणीतरी अनेकदा तिच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठे असते. अशा महाविद्यालयीन मुलामुलींच्या कामाकडे वाचकांनी वळावे, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

मराठी वाचकांना यातले मर्म नवे नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभारली, भाऊराव पाटलांनी साताऱ्यात बोर्डिंग चालवले. मुलाला शाळेत जागा देऊन भागत नाही, त्याला आधाराचे माणूसही लागते, हे दोघांनी ओळखले होते. कायद्याच्या शिक्षणात तीच जाण २०१० साली प्रा. शामनाद बशीर यांनी ‘आयडीआयए’ या उपक्रमातून आणली. विधी विद्यापीठांतले विद्यार्थी स्वयंसेवक होऊन शाळांत जातात, होतकरू मुले निवडतात, त्यांची तयारी करून घेतात आणि प्रवेशानंतरही पाठीशी राहतात. बशीर २०१९ मध्ये गेले. काम चालू आहे.

या कामातली खरी अडचण जवळून पाहण्याजोगी आहे. ‘क्लॅट’ ही विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा इंग्रजीतून होते. दोन तासांत १२० प्रश्न, तेही लांबलचक उताऱ्यांवर, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. तर्कात तल्लख असलेली मुलगी इथे मागे पडते ती वाचनाच्या वेगामुळे. म्हणून तिची तयारी कायद्याच्या पुस्तकापासून नव्हे, रोजच्या इंग्रजी वर्तमानपत्रातल्या एका परिच्छेदापासून सुरू झालेली बरी. मग अर्ज. त्याचेच शुल्क साडेतीन-चार हजारांच्या घरात. शिष्यवृत्तीसाठी मध्य प्रदेशातला ‘समग्र’ ओळख क्रमांक, जातीचा दाखला, मूळ निवासी प्रमाणपत्र. आधारवर आडनाव एक आणि गुणपत्रिकेवर दुसरे असले, की गाडी तिथेच अडते. शेजारी बसून हा अर्ज नीट भरून देणाऱ्या दीदीचे मोल मला शिकवणीइतकेच वाटते.

तुम्ही या विषयाकडे पहिल्यांदाच वळत असाल, तर उत्तीर्णांच्या यादीपासून सुरुवात करू नका. आधी प्रवेशानंतरचे पहिले सत्र समजून घ्या: वसतिगृहातली पहिली रात्र, वर्गात इंग्रजीतून विचारायचा पहिला प्रश्न, घरून आलेला ‘परत ये’ असा फोन. त्यानंतर निवड आणि तयारीकडे या. स्वयंसेवक होण्याचा विचार मनात असेल, तर आणखी एक विनंती. मुलीला भेटण्याआधी तिच्या आईला भेटा, आणि आईच्या कामाची वेळ विचारून मगच जा.