शाळकरी वयातील इन्सुलिन-प्रतिरोध : एका मोजमापाचा इतिहास #थ्रेड

तानसा परिसरातील एखाद्या शाळेत आरोग्य तपासणी चालू आहे आणि समोर तेरा-चौदा वर्षांचा स्थूल मुलगा उभा आहे, असे समजा. त्याच्या मानेची मागची कातडी काळवंडून जाडसर झाली आहे. घरचे त्याला मळ समजतात; पण तो घासून जात नाही. अनेकदा ही खूण इन्सुलिन-प्रतिरोधाची असते. स्वादुपिंड इन्सुलिन भरपूर स्रवते, परंतु स्नायू आणि यकृत त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. गंमत अशी, की रक्तातील साखर मात्र पुढे कित्येक वर्षे ठीक दिसत राहते. मग मोजायचे काय? या प्रश्नाच्या इतिहासातील एक मोलाचे प्रकरण आपल्या पुण्यात घडले आहे.

आरंभ लंडनचा. १९३६ मध्ये हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी मधुमेहींना ग्लुकोज आणि इन्सुलिन एकाच वेळी देऊन पाहिले. काहींची साखर आटोक्यात राहिली, काहींची चढतच गेली. मधुमेह दोन प्रकारचा असावा, हे त्यातून सूचित झाले. पण रक्तातील इन्सुलिन मोजण्याची सोयच तेव्हा नव्हती.

ती न्यूयॉर्कमध्ये रोझॅलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६० च्या सुमारास किरणोत्सारी आयोडीन वापरून निर्माण केली. प्रौढपणी मधुमेह झालेल्यांच्या रक्तात इन्सुलिन कमी नव्हे, बऱ्याचदा जास्त असते, हे तेव्हा दिसले. बर्सन १९७२ मध्ये वारले. १९७७ चे नोबेल यॅलो यांना मिळाले.

१९७९ मध्ये ‘क्लॅम्प’ पद्धत आली. अत्यंत अचूक, पण तासन्‌तास शिरेतून इन्सुलिन आणि ग्लुकोज सोडत बसायचे. ती संशोधनापुरतीच राहिली. १९८५ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ‘होमा’ हे सुटसुटीत सूत्र दिले : उपाशीपोटीची साखर गुणिले उपाशीपोटीचे इन्सुलिन, भागिले ४०५. साखर ९० आणि इन्सुलिन १८ असेल, तर उत्तर ४. साखरेचा रिपोर्ट निर्दोष, तरीही हा आकडा सावध करतो.

आता पुण्याकडे वळू. केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक, डॉ. आशिष बावडेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मवजनाची नोंद उपलब्ध असलेली आठ वर्षांची ४७७ मुले तपासली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की जन्मतः वजन कमी आणि आठव्या वर्षी अंगावर चरबी अधिक, अशा मुलांत इन्सुलिन-प्रतिरोध सर्वाधिक होता. म्हणजे आजचा लठ्ठपणा ही अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी आईच्या पोटात घडलेली.

२००३ मध्ये पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांशी प्रसिद्ध झाली. सरासरी वजन २.७ किलो विरुद्ध ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंत आणि पोटाच्या घेरात बरीच मागे, पण पाठीवरच्या त्वचेखालील चरबीत फारशी मागे नाहीत. कृश दिसणारी, तरीही मेद राखून असलेली! पुढच्याच वर्षी डॉ. याज्ञिकांनी ‘लॅन्सेट’मध्ये आपले आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचा बीएमआय २२.३, शरीरातील चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१. केवळ वजनकाट्यावर विसंबणाऱ्यांना याहून नेमके उत्तर क्वचितच कोणी दिले असेल. शहापूर-मुरबाडच्या मुलांबाबतही म्हणूनच माता-बाल कार्डावरचे जन्मवजन आधी पाहावे. त्यासाठी सुई टोचावी लागत नाही.

इन्सुलिनच्या चाचणीची अडचण निराळी. ती महाग असते. नमुन्यातील रक्तपेशी फुटल्या तर इन्सुलिन नष्ट होऊ लागते. आणि दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळतीलच असे नाही. तालुक्याच्या गावातून नमुना दूर पाठवायचा झाल्यास हे सारे आलेच. म्हणून साध्या लिपिड रिपोर्टातून वाट काढण्याचे प्रयत्न झाले. यकृत इन्सुलिनला दाद देईनासे झाले, की रक्तात ट्रायग्लिसराइड वाढते आणि एचडीएल घटते. अमेरिकेत जेराल्ड रीव्हन यांच्या गटाने २००३ मध्ये या दोहोंचे गुणोत्तर सुचवले. स्थूल प्रौढांत ३ किंवा अधिक म्हणजे संशय घ्यावा. ट्रायग्लिसराइड १५० आणि एचडीएल ३५ असेल, तर ते ४.३ भरते. २००८ मध्ये मेक्सिकोतील संशोधकांनी ट्रायग्लिसराइड आणि साखर यांच्या गुणाकारावर आधारलेला ‘टीवायजी’ निर्देशांक मांडला. दोन्हींत इन्सुलिन मोजावेच लागत नाही.

मात्र प्रौढांची रेघ तेराव्या वर्षाच्या मुलाला जशीच्या तशी लावता येत नाही. वयात येताना निरोगी मुलामुलींतही इन्सुलिनचा प्रभाव काही काळ उतरतो आणि तारुण्य स्थिरावल्यावर बहुधा सावरतो. हे १९८६ मध्येच क्लॅम्प पद्धतीने दाखवले गेले होते. त्यामुळे एकाच रिपोर्टावरून मुलाच्या कपाळी रोगाचा शिक्का मारू नये, आणि साखर नॉर्मल म्हणून त्याला तसेच घरीही पाठवू नये. कंबरेचा घेर, मान, घरातील मधुमेह यांची नोंद करून काही महिन्यांनी उपाशीपोटी तीच चाचणी पुन्हा करावी.