लॅपटॉपचा पंखा बदलताना काय जुळवून पाहावे?

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. बहुतेक कंपन्या आपला लॅपटॉप साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा, असे सांगतात. म्हणजे उन्हाळ्यात पंखा धड असला तरी त्याच्यावर ताण असतोच. तो बिघडला, तर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. तापमान फारच वाढले, तर लॅपटॉप अचानक बंद होतो आणि सेव्ह न केलेले काम जाते.

पंखा खरेच बिघडला आहे का?

आधी धूळ तपासावी. जाळी तुंबली तर चांगला पंखाही हवा बाहेर टाकू शकत नाही. लॅपटॉप बंद करून, बॅटरीची वायर काढून ब्रशने धूळ झाडावी. ब्लोअर वापरल्यास पाती बोटाने धरून ठेवावी. ती भन्नाट फिरली तर बेअरिंग खराब होऊ शकते. साफसफाईनंतरही घरघर थांबत नसेल किंवा पाती फिरतच नसेल, तर पंखा बदलावा लागतो. एचपीच्या अनेक लॅपटॉपवर अशा वेळी सुरू होतानाच ‘९०बी’ हा एरर दिसतो.

मॉडेलचे नाव पुरेसे का नाही?

एकाच नावाखाली कंपन्या अनेक वर्षे वेगवेगळे लॅपटॉप विकतात. वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेल्या आणि नसलेल्या मॉडेलचे पंखेही अनेकदा वेगळे असतात. खात्रीची ओळख म्हणजे पार्ट नंबर. एचपीमध्ये त्याला स्पेअर पार्ट नंबर, लेनोवोमध्ये एफआरयू आणि डेलमध्ये डीपी/एन म्हणतात. पंख्याच्या स्टिकरवर डेल्टा, सनॉन यांसारख्या मूळ उत्पादकाचा नंबरही असतो.

या गोष्टी जुळल्याच पाहिजेत

• व्होल्टेज : बहुतेक पंखे ५ व्होल्टचे असतात, काही गेमिंग लॅपटॉपमध्ये १२ व्होल्टचे. यात तडजोड नको.
• अँपिअर : जुन्या पंख्याइतके किंवा थोडे कमी चालते. फार जास्त असल्यास मदरबोर्डवर भार येतो.
• कनेक्टर : पिनांची संख्या, आकार आणि वायरींचा क्रम. चार पिनांपैकी दोन वीजपुरवठ्याच्या, एक वेग कळवणारी आणि एक वेग नियंत्रित करणारी असते.
• बाजू : दोन पंख्यांच्या लॅपटॉपमध्ये डावा आणि उजवा पंखा एकमेकांच्या जागी बसत नाहीत.
• जाडी, स्क्रूची भोके आणि हवा बाहेर पडण्याची दिशा.

खरेदी करताना

बर्डीवर दुकानात जायचे असेल, तर जुना पंखा काढून सोबत न्यावा. तो काढणे शक्य नसेल, तर स्टिकर आणि कनेक्टरचा स्पष्ट फोटो तरी हवा. ऑनलाइन घेताना मॉडेलचे नाव टाकून शोधण्याऐवजी पार्ट नंबर टाकावा, फोटो ताडून पाहावा आणि परत करण्याची सोय आहे का, हे आधी वाचावे.

बसवल्यावर

पंखा हीटसिंकपासून वेगळा निघत असेल, तर थर्मल पेस्टला हात लावावा लागत नाही. हीटसिंक उचलावे लागले, तर जुनी पेस्ट पुसून नवी लावणे आवश्यक आहे. तळाचे झाकण लावण्याआधी वायर पात्यांना लागत नाही ना, हे पाहावे.

नवा पंखाही खोलीतलीच हवा आत ओढतो. खोली ४० अंशांवर तापली असेल, तर त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. लॅपटॉप गादीवर न ठेवता टेबलावर ठेवावा आणि कुलरचे तुषार थेट अंगावर येतील अशा जागी तो ठेवू नये.