आंबट भाताची रूपांतरे

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात पाककला स्पर्धेचे परीक्षण माझ्याकडे आले. मराठीच्या प्राध्यापकाला स्वयंपाकातले काय कळते, असा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. मीही स्वतःला विचारला नाही. स्पर्धेचा विषय होता ‘अर्ध्या तासात होणारा नवा पदार्थ’. द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने आंबेमोहोराचा भात जरा मऊसर शिजवून, त्यात लिंबू, मीठ आणि साखर कालवून तो वाफवलेल्या कोबीच्या पानावर पसरला होता. मधोमध काकडी, गाजर आणि हिरव्या मिरचीच्या ठेच्याची बारीक रेघ. मग पान घट्ट गुंडाळून, अळूवडीचे कापतात तसे तिने त्याचे काप केले होते. समोरच्या कागदावर लिहिले होते : ‘झटपट देशी सुशी’. मी एक काप खाल्ला, तो मला आवडला आणि मी दहापैकी चार गुण दिले. शेऱ्यात लिहिले : ‘नक्कल. मूळ पदार्थाशी संबंध नाही.’

निकालानंतर ती विचारायला आली, “सर, मूळ पदार्थ कसा असतो?” मी म्हणालो, “कच्चा मासा आणि काळे समुद्रशेवाळ.” माझे हे ज्ञान एका हॉटेलातील एका जेवणापुरते होते. ती मान डोलावून गेली. प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला. पुढे वाचन होत गेले तसे लक्षात आले, की तिच्या प्रश्नाचे मी दिलेले उत्तर जवळजवळ प्रत्येक बाबतीत चुकीचे होते. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

सुशीचे मूळ ताज्या माशात नाही. मासा टिकवण्याच्या गरजेत आहे. मीठ लावलेला मासा शिजवलेल्या भातात दाबून ठेवायचा, भात आंबू द्यायचा आणि त्या आंबटपणाने मासा नासण्यापासून वाचवायचा, ही मूळ युक्ती. भातशेतीच्या प्रदेशातील ही युक्ती आग्नेय आशियात, बहुधा मेकाँगच्या खोऱ्याच्या परिसरात जन्मली आणि भातशेतीच्या वाटेने जपानला पोहोचली, असे अभ्यासक मानतात. इसवी सन ९२७ मध्ये पूर्ण झालेल्या ‘एन्गिशिकी’ या राज्यकारभाराच्या नियमसंग्रहात निरनिराळ्या प्रांतांनी दरबारात भरावयाच्या वस्तूंमध्ये सुशीची नोंद आहे. म्हणजे सुशी हा एके काळी कर होता. बिवा सरोवराच्या काठी ‘फुनाझुशी’ या नावाने हा प्राचीन प्रकार आजही केला जातो. तळ्यातला मासा काही महिने मिठात आणि मग वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ भातात मुरवतात. त्याचा वास जुन्या चीजसारखा उग्र असतो. या प्रकारात भात खाण्यासाठी नसतोच. लगदा झालेला भात खरवडून टाकायचा आणि मासा खायचा. ‘सुशी’ हा शब्दही ‘आंबट’ या अर्थाच्या जुन्या जपानी विशेषणावरून आला, असे मानले जाते. मूळच शोधायचे, तर ते एवढेच : भात आणि आंबटपणा.

मुरण्याच्या या पदार्थाला साहित्यात जागा मिळाली नसती तरच नवल. बाराव्या शतकातील ‘कोन्जाकु मोनोगातारीशू’ या कथासंग्रहात एक गोष्ट आहे. मासे विकणारी एक बाई दारूच्या नशेत आपल्याच सुशीच्या भांड्यात ओकते आणि कोणाला कळू नये म्हणून ते सारे हाताने कालवून टाकते. हे पाहणारा माणूस पुन्हा कधी ती सुशी खात नाही. गोष्ट किळसवाणी आहे. पण त्या काळची सुशी दिसायला कशी होती याचा याहून प्रामाणिक पुरावा सापडणे कठीण. हाइकूच्या परंपरेत ‘सुशी’ हा उन्हाळ्याचा ऋतुवाचक शब्द आहे, कारण उष्म्यात ती लवकर मुरते. अठराव्या शतकातील कवी बुसोन याला फुनाझुशीचे विशेष प्रेम होते. वाट पाहणे हा या पदार्थाचा स्वभाव होता आणि कवितेला तो मानवला.

पुढे वाट पाहण्याचा काळ आक्रसत गेला. पंधराव्या-सोळाव्या शतकांत लोक मासा पुरता मुरण्याआधीच, भातासकट खाऊ लागले. सतराव्या शतकात आणखी एक आडवाट सापडली : भात आंबण्याची वाट पाहण्याऐवजी त्यात व्हिनेगर घालावे. या प्रकाराला नाव पडले ‘हायाझुशी’. जपानीत ‘हाया’ म्हणजे लवकर, झटपट. येथे थांबणे भाग आहे. त्या मुलीने कागदावर लिहिलेला आणि मला उथळ वाटलेला ‘झटपट’ हा शब्द सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी जपानी लोकांनीच या पदार्थाला दिलेला होता. जुन्या चवीच्या चाहत्यांना हे व्हिनेगर म्हणजे तपश्चर्येवाचून वर मागण्यासारखे वाटले असणार, अशी माझी कल्पना आहे. पण आज जगभर जी सुशी ‘अस्सल’ म्हणून ओळखली जाते, ती सारी या झटपट शाखेची संतती आहे.

एदो, म्हणजे आजचे तोक्यो, हे अठराव्या शतकात दहा लाखांच्या घरात वस्ती असलेले शहर होते. त्यात कामासाठी आलेल्या एकट्या पुरुषांचा भरणा मोठा. त्यांना उभ्याउभ्या, दोन घासांत संपणारे खाणे हवे होते. १८२०च्या दशकात हानाया योहेई याने हाताने दाबलेल्या भाताच्या मुटक्यावर माशाचा तुकडा ठेवण्याची रीत रूढ केली, असे परंपरा सांगते. तो मासाही बहुधा कच्चा नसे. बर्फाची सोय नसल्यामुळे तो सोया सॉसमध्ये मुरवलेला, व्हिनेगर लावलेला किंवा उकडलेला असे. मुटकाही आजच्यापेक्षा बराच मोठा होता. या गाड्यांना स्वस्त व्हिनेगर लागे. ओवारी प्रांतातील हान्दा गावच्या नाकानो माताझाएमोन या साके बनवणाऱ्याने १८०४ च्या सुमारास साकेच्या चोथ्यापासून व्हिनेगर करण्यास सुरुवात केली. ते एदोच्या सुशीवाल्यांना परवडले आणि आवडलेही. मद्याचा टाकाऊ चोथा आणि घाईत असलेले मजूर यांतून जपानी अभिरुचीचे आजचे प्रतीक घडले.

हा पदार्थ श्रीमंतांचा कधी झाला, हे पाहायचे तर शिगा नाओया यांची १९२० मधील ‘पोऱ्याचा देव’ या अर्थाच्या शीर्षकाची कथा वाचावी. तराजूच्या दुकानात काम करणारा सेनकिची हा पोऱ्या ट्रामच्या भाड्यातले चार सेन वाचवून सुशीच्या गाडीवर जातो. मोठ्या ऐटीत एक सुशी उचलतो. किंमत सहा सेन आहे असे कळताच ती परत ठेवून निघून जातो. हे पाहणारा एक उमराव पुढे ओळख न देता त्याला पोटभर खाऊ घालतो. पोऱ्याला हा कोणी देवच वाटतो, आणि उपकारकर्त्याला मात्र विचित्र एकटेपणा ग्रासतो. दोन सेनच्या फरकात केवढे सामाजिक अंतर मावते, हे कथा न बोलता सांगते. पदार्थ ‘मुळाप्रमाणे’ असण्याचा आग्रह धरताना तो कोणाला परवडतो, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. सेनकिची घरी गेला असता तर त्याने काय केले असते? हाताशी असलेल्या भातात काहीतरी आंबट घातले असते.

आणि जपानी घरांतून तेच होत आले. किई द्वीपकल्पात खारवलेल्या मोहरीवर्गीय पानात भाताचे गोळे गुंडाळून ‘मेहारीझुशी’ करतात. नारा परिसरात सुशी पर्सिमनच्या पानात बांधतात. तळलेल्या टोफूच्या पिशवीत भात भरला की ‘इनारीझुशी’ होते. तीत मासा नसतो. नुसत्या काकडीची सुशीही सर्वत्र रूढ आहे. कोबीच्या पानावर शेरा मारताना यातले काहीही मला ठाऊक नव्हते.

विसाव्या शतकाने तर ‘मूळ’ या शब्दाची फारच ओढाताण केली. युद्धोत्तर टंचाईत, १९४७ मध्ये, खाद्यगृहांवर निर्बंध आले तेव्हा तोक्योच्या सुशीवाल्यांनी तोड काढली : गिऱ्हाइकाने एक ‘गो’ तांदूळ, म्हणजे सुमारे दीडशे ग्रॅम, आणावा, घडणावळ देऊन दहा सुशी न्याव्यात. ही सवलत एदोच्या पद्धतीला मिळाल्यामुळे तीच देशभर पसरली आणि प्रांतोप्रांतीच्या कितीतरी सुशी मागे पडल्या. समुद्रशेवाळाची कथा आणखी वेगळी. नोरीचे बीज उन्हाळ्यात कोठे दडते, हे जपानी कोळ्यांना शतकानुशतके उमगले नव्हते. ते शिंपल्यात राहते, हे कॅथलीन ड्रू-बेकर या इंग्रज संशोधिकेने १९४९ मध्ये दाखवून दिले आणि नोरीची खात्रीची शेती शक्य झाली. या बाई कधी जपानला गेल्या नाहीत. कुमामोतोतील उतो येथे त्यांचे स्मारक मात्र आहे. लॉस एंजेलिसमध्ये इचिरो माशिता यांनी चरबीदार ट्यूनाच्या जागी ॲव्होकाडो वापरला, असे ‘कॅलिफोर्निया रोल’विषयी सांगतात, व्हँकुव्हरचे हिदेकाझू तोजो हेही त्याचे जनकत्व सांगतात. आज सुशी म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारा गुलाबी सामन मासा १९८०च्या दशकात नॉर्वेच्या व्यापाऱ्यांनी प्रयत्नपूर्वक जपानच्या ताटात आणला. त्यापूर्वी परजीवींच्या भीतीने जपानी लोक तो कच्चा खात नसत.

२००६ मध्ये जपानच्या कृषी मंत्रालयाने परदेशांतील जपानी उपाहारगृहांना अस्सलपणाचे प्रमाणपत्र देण्याची कल्पना मांडली. अमेरिकी वृत्तपत्रांनी तिची ‘सुशी पोलीस’ म्हणून टर उडवली आणि पुढच्या वर्षी ती सौम्य करावी लागली. हे वाचताना मला माझा शेरा आठवला. एका परीने मी त्या पोलिसांचा मानद हवालदारच झालो होतो.

आपल्यालाही या गोष्टीत अगदीच परके राहता येत नाही. १५४९ मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून कागोशिमाला पोहोचला. त्याच्यासोबत आन्जिरो हा जपानी होता. त्याचा बाप्तिस्मा आदल्या वर्षी गोव्यातच झाला होता. जपानीत ब्रेडला ‘पान’ म्हणतात, मराठीत ‘पाव’. दोन्ही शब्द पोर्तुगीजांनी दिलेले. तेम्पुराची तळण्याची रीत जपानला त्याच लोकांकडून मिळाली आणि ठेच्यातली मिरची आपल्याला त्यांच्याच जहाजांनी आणून दिली. त्या कापातील सर्वांत ‘देशी’ म्हणता येईल असा घटकसुद्धा एका अर्थी परदेशीच होता.

साहित्याच्या वर्गात हे सारे मी वेगळ्या शब्दांत शिकवतच होतो. देवलांचे ‘झुंझारराव’ हे ‘ऑथेल्लो’चे रूपांतर, त्याला नक्कल म्हणून कोणी काढून टाकत नाही. शिरीष पै यांनी हाइकू मराठीत रुजवला तेव्हा ऋतुवाचक शब्दांची जपानी यादी त्याबरोबर आली नाही; तीन ओळी आल्या आणि क्षणाचे भान आले. रूपांतराची कसोटी ‘काय बदलले’ ही नसून ‘काय राखले’ ही आहे, असे फळ्यावर लिहिणारा मी पाककृतीपुढे ती कसोटी विसरलो. याचा अर्थ काहीही चालते असा नाही. आंबटपणाच नसलेल्या भाताची गुंडाळी म्हणजे सुशी नव्हे, असे आजही मी म्हणेन. पण या पदार्थाच्या हजार वर्षांच्या प्रवासात मासा बदलला, पान बदलले, आकार बदलला, वेळ बदलला. टिकला तो आंबट भात. त्या मुलीने घरात व्हिनेगर नव्हते म्हणून लिंबू पिळले होते. नेमके जे राखायचे, तेवढेच तिने राखले होते.

तिचे शिक्षण केव्हाच पूर्ण झाले. चाराचे आठ करण्याची सोय आता नाही. मात्र घरी अधूनमधून उरलेल्या आंबेमोहोराच्या भातात लिंबू पिळून मी तशी गुंडाळी करतो. काप नीट पडत नाहीत, कोबीचे पान फाटते आणि भात बाहेर येतो. त्या दिवशी तिचा एकही काप सुटला नव्हता, हेही मी शेऱ्यात लिहिले नव्हते.