नियोजन समिती (बीड जिल्हा)

शहराच्या प्रारूप विकास आराखड्यावर आलेल्या हरकती व सूचना ऐकून नियोजन प्राधिकरणाला, म्हणजे इथे नगरपरिषदेला, अहवाल देणारी समिती. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २८ मध्ये तिची तरतूद आहे. बीड जिल्ह्यातील बीड, अंबाजोगाई, परळी वैजनाथ, माजलगाव, गेवराई व धारूर या नगरपरिषदांना तीच लागू होते. जमिनीच्या वापराबाबत सल्ला देणारे नागरिकांचे कायम मंडळ या कायद्यात नाही. त्याच्या सर्वांत जवळ जाणारी रचना हीच.

समितीत प्राधिकरणाच्या स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. जाणकारांना नगररचनेचा किंवा पर्यावरणाचा अनुभव हवा; ते त्याच गावचे रहिवासी असावेत, अशी अट नाही. त्यामुळे हिला लोकांची समिती म्हणणे जरा धाडसाचेच. नागरिकांच्या सहभागासाठी प्रभाग समित्यांचा आधारही इथे मिळत नाही: ७४ व्या घटनादुरुस्तीने त्या तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांनाच बंधनकारक केल्या आणि २०११ च्या जनगणनेत बीड शहराची लोकसंख्या १,४६,७०९ होती.

आधी विद्यमान भूवापर नकाशा तयार होतो, मग प्रारूप आराखडा तयार झाल्याची सूचना राजपत्रात प्रसिद्ध होते आणि हरकतींसाठी ३० दिवस मिळतात. हरकतदाराला समितीपुढे सुनावणी मिळते. सुनावणीला येतो तो बहुधा ज्याच्या गट नंबरावर सार्वजनिक वापराचे आरक्षण पडले किंवा ज्याच्या प्लॉटमधून आराखड्यातला (डीपी) रस्ता गेला तो. उद्यानाच्या किंवा नदीच्या बाजूने बोलायला सहसा कोणी अर्ज करत नाही. बीडमध्ये ही उणीव महागात पडू शकते. बिंदुसरा नदी शहराच्या मधून वाहते. जुलै १९८९ च्या पुराने काठच्या वस्त्या उद्ध्वस्त केल्या. अशा ठिकाणी पूररेषेच्या आतली जमीन मोकळी ठेवणे ही सर्वांच्या हिताची गोष्ट, पण तिची हरकत कोणा एकाच्या सातबाऱ्यावरून निघत नाही.

समितीचा अहवाल बंधनकारक नसतो. त्यावर प्राधिकरण बदल ठरवते आणि अंतिम मंजुरी राज्य शासन देते. तरी संघटित हरकतींचे वजन मोठे असते: मुंबईचा २०१५ चा प्रारूप आराखडा नागरिक, वास्तुरचनाकार व संस्थांच्या टीकेनंतर शासनाने फेरतयारीसाठी परत पाठवला. तशी वास्तुरचनाकारांची व अभ्यासगटांची फळी लहान नगरपरिषदांच्या शहरांत क्वचितच असते.

मंजुरीनंतरही आरक्षण टिकेलच असे नाही. दहा वर्षांत जमीन ताब्यात न आल्यास मालक कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो; त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्याची कार्यवाही सुरू झाली नाही, तर आरक्षण व्यपगत होते. नगरपरिषदेच्या तिजोरीत संपादनाचे पैसे नसले, की समितीने कायम ठेवलेले मैदानही असे सुटते.