किन्नर, ड्रायव्हर आणि दोहाची धूळ



रात्रभर शमाल वारा वाहिला की सकाळी दोहातल्या इमारतींखालच्या सगळ्या गाड्या एकाच रंगाच्या होतात. पांढरी असो की काळी, सगळ्यांवर पिठासारखी बारीक धूळ. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात मी मुंबईच्या सवयीने पिवळं फडकं घेतलं आणि बॉनेट कोरडंच पुसून काढलं. उन्हात पाहिलं तर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे. शेजारच्या गाड्या धुणारा माणूस लांबून बघत होता. त्याने नुसती मान हलवली. त्याला जे ठाऊक होतं आणि मला नव्हतं, त्याची गोष्ट आज सांगतो.

आपल्याकडे गाडी पुसणं ही गाडी शिकण्याची पहिली पायरी होती. ट्रकवरच्या ‘क्लीनर’चा गावाकडच्या तोंडी ‘किन्नर’ झाला. हा पोरगा फक्त काचा पुसत नसे. टायरवर लोखंडी पहार मारून आवाजावरून हवा ओळखायची, रेडिएटरमध्ये पाणी भरायचं, गाडी मागे घेताना ‘येऊ दे, येऊ दे’ ओरडायचं आणि उरलेल्या वेळात ड्रायव्हरच्या हातापायांकडे बघत राहायचं. फी नव्हती, अंगमेहनत हीच फी. मग कधीतरी मोकळ्या रस्त्यावर उस्ताद म्हणायचा, बस इकडे.

मुंबईत टॅक्सीवाल्यांचं असंच. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट, पुढे तिचंच नाव पद्मिनी झालं. त्या काळच्या रंगावर आजच्यासारखा पारदर्शक थर नसे. पॉलिश करताना फडक्यावर गाडीचाच रंग उतरायचा. जोर जास्त लागला की कडांवर खालचा प्रायमर दिसू लागे. म्हणून शिकवणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असे: हात हलका ठेव.

हे हलके हात घेऊन १९७० च्या दशकात कोकणातले, विशेषतः रत्नागिरी-रायगडकडचे बरेच तरुण आखातात निघाले. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि तिकडे माणसं हवी होती. काही जण विमानाने गेले, काही ‘द्वारका’ बोटीने. ती १९८२ पर्यंत मुंबईहून आखाती बंदरांच्या फेऱ्या करत होती. घरगुती ड्रायव्हर म्हणून लागलेल्याला पहिल्या दिवशी कळायचं की इथे ड्रायव्हर आणि किन्नर एकच माणूस आहे.

आणि शिकलेलं अर्धं विसरायचं आहे. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. कतारमध्ये ८० च्या आसपास. बारमाही नदी एकही नाही. नळाला येतं ते समुद्राचं मीठ काढलेलं पाणी. वर ही धूळ. वाळूतल्या क्वार्ट्झचा कण गाडीच्या रंगापेक्षा कितीतरी कठीण, साध्या लोखंडापेक्षाही कठीण. फडक्याखाली तो सापडला की फडक्याचा पॉलिश पेपर होतो. म्हणून इथला धडा उलटा: आधी हात लावायचाच नाही. टपावरून पाणी सोडायचं, धूळ आपोआप खाली उतरू द्यायची. मग घडी केलेलं ओलं फडकं, दर पुसण्याला नवी बाजू, हात सरळ रेषेत, गोल नाही. चाकांचं फडकं वेगळं आणि ते शेवटी. हे सगळं फजरच्या अजानच्या आसपास, कारण ऊन चढलं की थेंब पत्र्यावरच वाळतात आणि डाग सोडतात.

१९८० च्या दशकात गाड्यांवर पारदर्शक थर सर्रास आला. फडक्यावर रंग उतरणं थांबलं, पण ओरखडा मात्र जास्त दिसू लागला. हा थर केसापेक्षाही पातळ असतो. तो किती वेळा घासता येईल याचा हिशेब ठेवणं, यालाच आज ‘डिटेलिंग’ म्हणतात आणि त्याचे चांगले पैसे घेतात. पहाटेच्या ड्रायव्हरला त्याचे वेगळे पैसे कोणी दिल्याचं मला माहीत नाही.

उलट त्याचे तासही मोजले जात नव्हते. कतारच्या २००४ च्या कामगार कायद्यातून घरगुती कामगार वगळलेले होते, त्यात घरचे ड्रायव्हरही आले. पोरांना शाळेत सोडायच्या आधी चार गाड्या धुतल्या, ते काम की नोकरीतली नुसती रीत? २०१७ च्या १५ क्रमांकाच्या कायद्याने दिवसाला जास्तीत जास्त दहा तास आणि आठवड्याला एक सुट्टी असं प्रथमच लिहिलं. प्रत्येक फाटकाच्या आत ते पोचलं असं मी म्हणणार नाही. पण भांडायला कागद तरी मिळाला. त्याआधी २००८ च्या कायद्याने नळाला पाइप लावून गाडी धुण्यावर बंदी आली होती; २०१५ मध्ये पाणी वाया घालवण्याचा दंड २०,००० रियालपर्यंत गेला. पाणी वाचलं, चांगलंच झालं. पाइपऐवजी बादल्या उचलणारे हात मात्र तेच राहिले.

माझ्या बॉनेटवरचे ओरखडे अजून आहेत. त्या शेजारच्या माणसाने पुढच्या शुक्रवारी पहाटे मला बोलावलं आणि अर्धी बादली हातात दिली. मी दोनदा फडकं उचललं. दोन्ही वेळा तो म्हणाला, “अभी नहीं, साब.” आम्ही दोघं उभे राहून धूळ खाली उतरताना बघत राहिलो.