हवामान ॲपमधले '३०% पाऊस' म्हणजे नक्की काय? कांदा झाकायचा की नाही?

मोबाईलच्या हवामान ॲपमध्ये ढगाच्या चित्राशेजारी ३०% असं लिहिलेलं असतं. बरेच जण याचा अर्थ 'दिवसातला ३०% वेळ पाऊस' असा घेतात. तसं नाही. असा अंदाज १०० वेळा दिला, तर साधारण ३० वेळा तुमच्या ठिकाणी मोजता येईल इतका पाऊस पडायला हवा, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेत 'मोजता येईल इतका' म्हणजे ०.०१ इंच, जेमतेम पाव मिलिमीटर! त्यामुळे ९०% दाखवूनही नुसती भुरभुर होऊ शकते.

आपल्या हवामान विभागाच्या अंदाजातले 'तुरळक ठिकाणी' (२५% पर्यंत केंद्रांवर) आणि 'काही ठिकाणी' (२६ ते ५०%) हे शब्द मात्र जागेबद्दल आहेत, शक्यतेबद्दल नाहीत. गल्लत करू नका.

आता हिशोब. समजा, काढलेला कांदा शेतात पडलाय. भिजला तर २०,००० रुपयांचं नुकसान. ताडपत्री आणि मजुरीला १,५०० रुपये. ॲप म्हणतंय ३०%.

२०,००० चे ३०% = ६,००० रुपये

म्हणजे असे दहा दिवस आले आणि एकदाही झाकलं नाही, तर साधारण तीनदा माल भिजेल, ६०,००० जातील. दहाही वेळा झाकलं तर खर्च १५,०००. मग सात वेळा ताडपत्री 'उगाच' टाकली असं वाटलं तरी झाकणंच परवडतं. किती टक्क्यांपासून परवडतं? खर्चाला नुकसानीने भागा: १,५०० ÷ २०,००० = ७.५%. अर्थात भुरभुरीने सगळा कांदा जात नाही, त्यामुळे नुकसान निम्मं धरा. तरी उत्तर १५% येतं.

एक चूक हमखास होते. चार, पाच आणि सहा वाजता प्रत्येकी ३०% दिसलं की लोक बेरीज करून ९०% म्हणतात. तिन्ही तास एकमेकांशी संबंध नसलेले मानले तरी कोरडं राहण्याची शक्यता ०.७ × ०.७ × ०.७, म्हणजे सुमारे ३४%, पावसाची ६६%. प्रत्यक्षात बऱ्याचदा एकच ढग तिन्ही तास रेंगाळतो, म्हणून खरा आकडा सहसा ३० ते ६६ च्या मधे कुठेतरी असतो.

ॲपवर किती विसंबायचं ते तुमच्याच गावात तपासता येतं. ज्या दिवशी ३०% दाखवलं ते दिवस वहीत लिहा आणि पुढे पाऊस पडला की नाही याची खूण करा. अशा ३० दिवसांत नऊच्या आसपास खुणा आल्या, तर वरचा हिशोब तुमच्या शेताला लागू पडतो.