एका पलायनाची पूर्वतयारी



विषय जाहीर झाला तेव्हा पुढच्या रांगेतली काही मंडळी गालांत हसली, हे माझ्या नजरेतून सुटले नाही. कामगार संघटनेत केस पांढरे केलेल्या माणसाने पळून जाऊन केलेल्या लग्नावर बोलावे, हे जरा विचित्रच. पण असल्या लग्नात प्रेमाइतकाच आखणीचाही भाग असतो आणि आखणी हा आमचा रोजचा व्यवसाय आहे.

रुक्मिणीची पत्रिका आपण कीर्तनात ऐकतो. तीत नुसते आर्जव नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी वधू देवीच्या दर्शनाला नगराबाहेर जाते, तेव्हा तेथूनच न्यावे, म्हणजे आप्तांचा रक्तपात टळेल, अशी संपूर्ण योजना तिने स्वतः कळवली आहे. पण ती पत्रिका कौंडिण्यपुराहून द्वारकेला कोणी नेली? आपली आख्याने सुदेवाचे नाव विसरत नाहीत. इतिहास मात्र असा निरोप्या सहज विसरतो. आज मला अशाच एका विसरलेल्या बाईची हकीकत सांगायची आहे. ती लंडनची आहे, १८४६ सालची.

एलिझाबेथ बॅरेट ही त्या काळची नामांकित कवयित्री. आम्हा चळवळीतल्या लोकांना ती ठाऊक असते ती १८४३ सालच्या तिच्या एका कवितेमुळे. खाणींत आणि गिरण्यांत राबणाऱ्या बालकांची कैफियत तिने त्या कवितेत मांडली. ही बाई स्वतः मात्र दुखण्यामुळे वर्षानुवर्षे विंपोल स्ट्रीटवरच्या घरात एका खोलीत पडून असे. बाप एडवर्ड बॅरेट जमैकातील उसाच्या मळ्यांवर, म्हणजे गुलामांच्या घामावर, श्रीमंत झालेल्या घराण्यातला. आपल्या एकाही मुलाने वा मुलीने लग्न करू नये, असा त्याचा दंडक होता. पुढे तिघांनी लग्ने केली आणि तिघांनाही त्याने वारसा नाकारला.

जानेवारी १८४५ मध्ये रॉबर्ट ब्राउनिंग या कवीने तिला पहिले पत्र लिहिले. वीस महिन्यांत दोघांमध्ये पावणेसहाशेच्या आसपास पत्रे झाली. एका पेनीत पत्र पोचवणारी टपालव्यवस्था १८४० साली सुरू झाली होती आणि त्याच साली लंडन ते साउथॅम्प्टन हा लोहमार्गही पुरा झाला होता. आधीच्या पिढीतल्या प्रेमिकांना यांतले काही मिळाले नव्हते. १७५३ च्या कायद्याने एकवीस वर्षांखालील मुलांच्या लग्नाला बापाची संमती आवश्यक केली, तेव्हा कित्येक जोडपी सरहद्द ओलांडून स्कॉटलंडमधील ग्रेटना ग्रीनला धावत. एलिझाबेथ चाळीस वर्षांची होती, रॉबर्ट चौतीस. कायदा त्यांच्या आड येत नव्हता. आड येत होता तो घरातला धाक.

सप्टेंबर १८४६ मध्ये बापाने हुकूम काढला की, घराची दुरुस्ती करायची आहे, सर्वांनी काही दिवस गावाबाहेर राहायला जावे. रॉबर्टने ताबडतोब लग्नाचा आग्रह धरला. येथून पुढची आखणी आमच्यासारख्यांनी अभ्यासावी अशी आहे. दोघी सख्ख्या बहिणींना प्रेम ठाऊक होते, पण लग्नाचा दिवस त्यांना सांगितला नाही. हेतू हा की, बापाने विचारले तर त्यांनी खरेपणाने ‘ठाऊक नाही’ म्हणावे. संपाच्या आदल्या रात्री आम्हीही हेच करतो. ज्याला सांगितलेच नाही, त्याच्याकडून कोणी काही काढून घेऊ शकत नाही.

घरात एकाच व्यक्तीला सर्व ठाऊक होते. ती म्हणजे मोलकरीण एलिझाबेथ विल्सन. पगार वर्षाला १६ पौंड. १२ सप्टेंबरला शनिवारी सकाळी मालकीण चर्चकडे निघाली ती तिच्याच आधाराने. वाटेत मालकिणीला घेरी येऊ लागली, तेव्हा औषधवाल्याच्या दुकानात थांबून हुंगायचे औषध घ्यावे लागले. सेंट मेरिलबोनच्या चर्चमध्ये साक्षीदार दोनच होते, रॉबर्टचा एक चुलत-मावसभावांपैकी नातेवाईक आणि विल्सन. लग्न लागले, अंगठी काढून ठेवली आणि नवरी बापाच्याच घरी परतली. सात दिवस रॉबर्ट तिकडे फिरकला नाही. दारात जाऊन ‘मिस बॅरेट आहेत काय?’ असे खोटे विचारणे त्याला जमेना. तेवढ्या दिवसांत त्याने आगबोटींच्या वेळांचा घोटाळा केला आणि तो पत्रांतून निस्तरावा लागला. १९ तारखेला मालकीण, विल्सन आणि फ्लश नावाचा कुत्रा असे तिघे घराबाहेर पडले. रॉबर्टची गाठ पडली, आगगाडी मिळाली आणि रात्री बोट फ्रान्सकडे निघाली. तेथून ते इटलीला गेले.

आता हिशेब पाहू. बेत फसला असता तर मालकिणीला बापाचा राग सोसावा लागला असता. राग तर पुढेही सोसावा लागलाच. तिची पत्रे त्याने न फोडता परत केली आणि १८५७ मध्ये तो मेला तोवर क्षमा केली नाही. तरी तिच्याजवळ स्वतःचे उत्पन्न होते. विल्सनजवळ काय होते? त्या काळी मोलकरणीला नवी नोकरी मिळे ती जुन्या मालकाच्या शिफारसपत्रावर, आणि तिने तर मालकाचीच मुलगी पळवून लावण्यात हात दिला होता. प्रेम तिचे नव्हते. जोखीम मात्र तिचीही होती.

विल्सनने पुढे ब्राउनिंग यांच्याच घरातील इटालियन नोकराशी लग्न केले. १८५५ साली इंग्लंडात तिला मुलगा झाला. मालकीण इटलीला परतली तेव्हा ते तान्हे बहिणीजवळ ठेवून विल्सनला बरोबर जावे लागले. गिरण्यांतल्या मुलांसाठी जिची लेखणी रडली, तिच्याच घरात हे घडले. हे मी त्या कवयित्रीला दूषण देण्यासाठी सांगत नाही. चांगल्या माणसालाही आपल्या हाताखालच्या माणसाचे दुःख दिसेनासे होते, एवढेच सांगतो. आमच्या संघटनांतही हे होते. सतरंज्या घालणाऱ्याचे नाव आम्ही किती वेळा विसरलो, ते आमचे आम्हाला माहीत.

आपल्याकडे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार ठरवले आहेत. अशा लग्नांत मीही सह्या केल्या आहेत. समारंभ आटोपला की हार, पेढे, छायाचित्र होते. एक साक्षीदार बहुधा घाईत असतो. अर्धा दिवस भरून काढायला तो कारखान्याकडे निघालेला असतो. पुढच्या वेळी आपण अशा लग्नाला गेलात, तर त्याला थांबवून छायाचित्रात उभे करा. विल्सनची सही चर्चच्या वहीत आहे. तेवढ्यानेच आज तिचे नाव आपल्याला घेता आले.